दाबलेला ठसका

मिरची कांडपवालीनं गिऱ्हाइकासमोर खोकायचं नसतं. चंद्रव्वाला हा धडा तिच्या नवऱ्यानं लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात दिला. सोलापुरात बाळी वेशीच्या मागच्या बोळात त्याचं कांडप होतं. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार, आणि दोन्हींच्या मधलं दार कधी नीट लागायचंच नाही. लोखंडी मुसळं आळीपाळीनं आदळायची, लाल धुरळा छतापर्यंत चढायचा आणि दारात डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका नाकाला पदर लावून शिंकायच्या, खोकायच्या, एकमेकींकडे बघून हसायच्या. त्यांनी खोकलेलं चालायचं. उलट त्यांना बरं वाटायचं, मिरची जोराची निघाली म्हणून. पण मशीनपाशी बसलेली बाई खोकली की संपलं.

"का पण?" नव्या नवरीनं विचारलं होतं.

"आपण खोकलो तर त्यांच्या वर्षभराच्या तिखटात आपली थुंकी गेली की," नवरा म्हणाला. "एक बाई बोलली की गल्ली बोलती. उद्या समद्या दुसऱ्याच्या कांडपावर."

मग त्यानं खिशातून एक लवंग काढून तिच्या तळहातावर ठेवली. चावायची नाही, गिळायची नाही. दाढ आणि गाल यांच्या मधे धरून ठेवायची. घसा बधिर राहतो, ठसका वर येत नाही. कांडपावरच्या माणसांची ती रीतच होती. चंद्रव्वानं लवंग गालात ठेवली ती पुढं चाळीसेक वर्षं काढलीच नाही म्हणा ना. एक मऊ पडली की दुसरी. अगदीच आवरेनासं झालं की मागच्या मोरीत जायचं, नळ सोडायचा आणि पाण्याच्या आवाजात मोकळं व्हायचं. बाहेर येताना तोंड पुसून हसत यायचं.

नवरा गेला, मुलगा शिवराज मोठा झाला, अक्कलकोटकडची सून आली, दाक्षायणी तिचं नाव. कानडी घरातल्या रीतीप्रमाणं ती सासूला अत्ती म्हणायची. कांडप चालूच राहिलं. बायका म्हणायच्या, "चंद्रव्वाचा घसा लोखंडाचा हाय बाई." चंद्रव्वाला ते ऐकून बरं वाटायचं. आत काय चाललंय ते तिचं तिला ठाऊक.

पण दाबून धरायची सवय एकदा लागली की ती घशापुरती राहत नाही. गुडघा दुखला, दाबला. पोट दुखलं, दाबलं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला तेव्हा शेजारपाजारच्या सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "पिकू दे की. कच्चा मोती काढत नसतात." चंद्रव्वानं पिकू दिला. आंबा आढीत घालावा तसा डोळा डोक्यात घालून ती बसली. आणि ऐन चैत्रात, काळ्या तिखटाची गर्दी दाराबाहेर गेली असताना, तो डोळा लाल झाला. अर्धं डोकं फुटायला लागलं. उलट्या सुरू झाल्या.

"अत्ती, दवाखान्यात जाऊ या का?" दाक्षायणीनं विचारलं होतं.

"पित्त हाय. पुढचा डबा दे."

गर्दी ओसरल्यावर दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी, राहत त्यांचं आडनाव, बराच वेळ तपासलं आणि मग खुर्ची पुढं ओढून समोर बसल्या. मोतीबिंदू पिकायची वाट बघायची नसते, त्यांनी सांगितलं. तो काळ गेला. हा पिकून पिकून आतच फुगला, डोळ्यातला दाब वाढला आणि मागची नस मेली. आता मोती काढला तरी ह्या डोळ्यानं दिसणार नाही.

"दुखायला लागलं त्याच दिवशी का नाही आलात?"

"सीझन होता," चंद्रव्वा म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान खाली घातली. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, असं चंद्रव्वाला नंतर पुष्कळ दिवस वाटत राहिलं.

उरला उजवा डोळा. त्यातही मोती होताच, हळूहळू साय धरत चाललेला. पण आता चंद्रव्वा घाबरली होती. ऑपरेशन नाही केलं तर हा डोळाही जाणार. केलं आणि बिघडलं तर आजच जाणार. एक गेला तेव्हा दुसरा होता. आता ह्याच्यामागं कोण आहे? दोन्हीकडं भिंत, आणि मधे ती.

तोवर दिसण्याचं सोंग सुरू झालं होतं. गिऱ्हाइकाला ती आवाजावरून ओळखायची, आवाज आला नाही तर बांगड्यांवरून, चपलेवरून. "आलीस होय? लई दिसानं," असं मोघम बोलायचं आणि समोरच्या बाईनं तोंड उघडायची वाट बघायची. मिरचीचा रंग बोटांना कळत नाही, म्हणून ती दाक्षायणीला मुद्दाम विचारायची, "ही ब्याडगी कशी वाटती तुला? सांग बघू," जसं काही सुनेची परीक्षाच घेतीय. सून उत्तर द्यायची आणि सासू मान डोलवायची. एकदा मशीनवर कुणीतरी चार्जरची वायर टांगून ठेवली होती. चंद्रव्वानं ती झुरळ समजून फडक्यानं झटकली आणि वर म्हणाली, "मेलं एकदाचं."

दाक्षायणीनं वायर उचलून खिळ्याला लावली. पण संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "अत्तीला दिसत नाही. अजिबात. उद्या मशीनच्या पट्ट्यात हात जाईल."

मग फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्या खेपेला साखर वाढलेली निघाली, परत पाठवलं. ती आटोक्यात आणली. दुसऱ्या खेपेला सगळं बरोबर होतं, पण तपासणीच्या खुर्चीतच ढास लागली. ती काही थांबेना. डॉक्टर राहत यांनी उपकरण बाजूला केलं.

"हा खोकला कधीपासून आहे?"

"आजचाच."

"आजचा नाही वाटत मला. आज्जी, ऑपरेशनच्या वेळी डोळा उघडा असतो. तुम्ही जोरात खोकलात तर आतलं सगळं बाहेर ढकललं जातं. आधी छातीच्या डॉक्टरांना दाखवा, औषध घ्या, धुळीपासून लांब राहा. खोकला बसला की या."

त्यांनी सांगितलं ते अगदी खरं होतं. पण चंद्रव्वाच्या कानांनी त्यातलं एवढंच उचललं की खोकला दिसला की घरी पाठवतात. औषधाची बाटली तिनं संपवली. राहिली मात्र त्याच धुरळ्यात, दुसरं घर होतं कुठं? आणि तिसऱ्या खेपेच्या सकाळी रिक्षात बसताना शिवराज म्हणाला, "अव्वा, आता ह्या वेळी परत पाठवलं तर बघ. मला रोज रोज कांडप बंद ठेवून जमत नाही." तो रागानं बोलला नव्हता. पोरगं दमलं होतं. पण चंद्रव्वानं गालात लवंग ठेवली, आणि जिभेनं चाचपून ती नीट बसवली.

दवाखान्यातल्या लांब बाकावर सात-आठ म्हातारी माणसं हिरवे झगे घालून ओळीनं बसली होती. प्रत्येकाच्या एका भुवईवर चिकटपट्टीचा तुकडा, कुठला डोळा ते चुकू नये म्हणून. सिस्टर रेश्मा बाहुली मोठी करायचं औषध ओळीनं घालत चालली होती. चंद्रव्वाशेजारी सारजाबाई नावाची म्हातारी होती, टेंभुर्णीच्या पलीकडची, धरणाकाठच्या गावातली. ती जी बोलायला लागली ती थांबेचना.

"तुमचा कितवा?"

"पहिलाच. आणि शेवटचा."

"असं अभद्र बोलू न्हाय. माजा ह्यो दुसरा. पहिला केला तवा घरी गेले आन् पयल्यांदा कळलं, सून माजी लई काळी हाय. तवर मला वाटायचं अंधार हाय." सारजाबाई स्वतःच्याच विनोदावर खदखदून हसली. "तिला सांगितलं न्हाय बरं का. डोळं आलं म्हून काय तोंड सोडायचं व्हय?"

चंद्रव्वालाही हसू आलं, आणि हसण्यासोबत घशात काहीतरी सरकलं. खालून खोकला निघाला होता. तिला त्याची वाट पाठ होती, आधी छातीत गुदगुली, मग गळ्याशी काटा. ती उठली.

"कुटं चालला?"

"मोरीकडं."

आत जाऊन तिनं नळ सोडला आणि खोकून घेतलं. आतलं सगळंच आज उपसून टाकायचं, टेबलावर शिल्लकच राहायला नको, अशा हिशेबानं ती खोकत राहिली. डोळ्यांतून पाणी आलं, पोटाला गोळे आले. दाराबाहेर दाक्षायणीचा आवाज आला, "अत्ती, बरं आहे ना?"

"तोंड धुतीय."

बाहेर, नेमक्या त्याच वेळी, सिस्टर रेश्मा बाकासमोर उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होती. तोंडावर कापड येईल, पण खाली हवेची नळी असते, जीव घुसमटणार नाही, घाबरायचं नाही. डोळ्याशेजारी एक इंजेक्शन, मग दुखणार नाही. उजेड दिसेल, रंग दिसतील, ते दिसणारच. मान हलवायची नाही, हात वर आणायचा नाही, उगीच गप्पा मारायच्या नाहीत. पण खोकला आला, शिंक आली, कुठं दुखलं, तर आधी तोंडानं सांगायचं. डॉक्टर थांबतात. रोजच थांबतात, त्यात काही नवल नाही.

चंद्रव्वा परत येऊन बसली तेव्हा सिस्टर पुढच्या कामाला गेली होती.

"काय सांगितलं तिनं?"

"काय नवीन?" सारजाबाई म्हणाली. तिला सगळं आधीच ठाऊक होतं, त्यामुळं तिनं अर्धंच ऐकलं होतं. "हलायचं न्हाय, बोलायचं न्हाय. झालं."

चंद्रव्वानं ते मनात बांधून घेतलं. हलायचं नाही, बोलायचं नाही. हे तर तिला येतच होतं.

आत न्यायच्या आधी सिस्टरनं बांगड्या काढल्या, कानातलं काढलं. गळ्यातल्या इष्टलिंगाला मात्र चंद्रव्वानं हात लावू दिला नाही. मग सिस्टरनंच तोड काढली, दोरा सोडून लिंग फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या डाव्या मुठीत दिलं.

"खोकला आहे का आज?"

"न्हाई."

"तोंडात कवळी, पान, सुपारी, तंबाखू?"

"तंबाखू? लिंगायत बाई हाय मी," चंद्रव्वा म्हणाली. सिस्टरला हसू आलं. प्रश्न तिथंच राहिला.

टेबल अरुंद होतं. पाठीवर झोपल्यावर चंद्रव्वाला कळलं की गेली कित्येक वर्षं आपण पाठीवर झोपलेलोच नाही. कुशीवर, उंच उशी घेऊन, तशीच झोप यायची. पाठीवर पडलं की छाती घशावर चालून येते. हे तिला कुणी विचारलं नव्हतं, तिनंही सांगितलं नव्हतं. इंजेक्शन टोचलं, डोळा जड झाला. चेहऱ्यावर थंड औषध फिरलं आणि मग कापड आलं.

कापड येताना तिला एक सावली कळली होती. आता ते नुसतं वजन होतं. नाकावर, ओठांवर, हनुवटीवर. एका भोकातून तेवढा उजवा डोळा बाहेर, बाकी सगळी चंद्रव्वा आत. हवेची नळी गालाशी फुसफुसत होती. त्या डोळ्यात उजेडाचे गोळे पोहत होते, पिवळे, मग निळसर.

"छान आज्जी," वरून डॉक्टर राहत यांचा आवाज आला. "असंच पडून राहा. बोलू नका, मान हलवू नका."

चंद्रव्वा पडून राहिली. डोळ्याजवळ काहीतरी ओढलं जात होतं. दुखत नव्हतं, नुसतं कळत होतं. मशीन एका लयीत टिकटिकत होतं. तिला कांडपाची मुसळं आठवली, आणि क्षणभर तिला ते चाललंय तसंच बरं वाटलं.

मग लवंग सुटली.

ती जागची कशी हलली कुणास ठाऊक. तोंड कोरडं पडलं होतं, आणि बसलेल्या बाईच्या गालात जी लवंग दाढेला धरून राहते ती झोपलेल्या बाईच्या गालात राहत नाही, हे चाळीस वर्षांत तिला कधी कळायचं कारणच पडलं नव्हतं. लवंग घसरत मागं निघाली. चंद्रव्वानं जीभ उचलून ती टाळ्याशी दाबली. धरली. आता जीभ अडकली. लाळ साचायला लागली, झणझणीत. गिळावी तर लवंगही जाईल, नाही गिळावी तर ठसका लागेल.

तिनं गिळली.

लाळ गेली. लवंग गेली नाही. तिचं फुलासारखं बोंड पडजिभेच्या मागं कुठंतरी काट्यासारखं रुतून बसलं, आणि छातीत ती ओळखीची गुदगुली झाली.

नळ नव्हता. मोरी नव्हती. पदरसुद्धा नव्हता. हात कापडाखाली, एका मुठीत लिंग, आणि उघड्या डोळ्यात कुणाचं तरी हत्यार. चंद्रव्वानं श्वास रोखला. कांडपावर रोखायची तसाच. पायाची बोटं आवळली, पोट आत ओढलं. लहर आली, गेली. वर डॉक्टरीणबाई सिस्टरला म्हणत होत्या, "फार कडक झालाय हा. सावकाश काढावा लागेल."

सावकाश म्हणजे किती वेळ? दुसरी लहर आली. ही मोठी होती. चंद्रव्वाचे कान गच्च झाले. बोलायचं नाही, सारजाबाईनं सांगितलं होतं. बोलू नका, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. आणि बोलून तरी काय बोलणार? तोंडात काय आहे विचारलं तेव्हा मी खोटं बोलले? ऐकलं की कापड काढतील, उठवून बसवतील, जा घरी म्हणतील, डोळा असाच उघडा ठेवून. शिवराज दाराशी उभा असेल, काही न बोलता. नाही बोललं तर येतो तो खोकला येईल. आता नाही तर पुढच्या श्वासाला येईल. आणि मान उडेल, आणि तो डोळा, तो एकच.

तिला चैत्रातली ती दुपार आठवली. अर्धं डोकं फुटत असताना पित्त म्हणून पुढचा डबा मागितला होता. तेव्हाही तोंड गप्पच होतं. गप्प राहून काय राहिलं मागं?

तिसरी लहर छातीतून सुटली.

"बाई," कापडाखालून आवाज आला. ओठ न हलवता, दातांतून, दुसऱ्याच कुणाचा तरी वाटावा असा. "बाई, खोकला येतोय. मला आवरंना."

वरचा हात थांबला.

"एवढं एक क्षण धरा आज्जी. धरा. मी आतलं हत्यार काढून घेतेय." आवाजात घाई होती, घबराट नव्हती. "हं. काढलं. डोळा झाकला. आता खोका. मान तेवढी टेबलाला टेकलेली ठेवा आणि खोका."

आणि चंद्रव्वा खोकली. माणसांसमोर, उघड, नळाच्या आवाजाशिवाय. टेबल हललं. कुणीतरी तिचं कपाळ दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. कापडाची खालची कड वर झाली, हवा आली, उजेड आला, आणि सिस्टरची बोटं फडक्यासकट तोंडात शिरली.

"मॅडम," सिस्टर रेश्मा म्हणाली, "लवंग आहे."

"काय आहे?"

"लवंग. अख्खी."

मशीन तेवढं टिकटिकत राहिलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," सिस्टर म्हणाली. "बाहेर. विचारलं होतं ना?"

"विचारलं होतंस बाई. मीच खोटं बोलले." चंद्रव्वाच्या गालावरून पाणी कानात चाललं होतं. "खोकला कळला की परत पाठवता तुमी. म्हणून ठेवली होती. आता पाठवता का घरी?"

"अर्धा डोळा उघडून ठेवून कुठं पाठवू तुम्हाला?" डॉक्टर राहत म्हणाल्या. त्या चिडल्या होत्या. आवाज खाली ठेवायला त्यांना कष्ट पडत होते. "लवंग श्वासनळीत गेली असती तर डोळा राहिला बाजूला, जीव गेला असता. अजून काय लपवलंय? आता सांगा. दम लागतो? पाठीवर झोपून त्रास होतो?"

"व्हय."

"मग सांगायचं ना. सिस्टर, डोक्याकडची बाजू जरा उचला. आज्जी, ऐका. गप्पा मारायच्या नाहीत म्हणजे तोंड शिवायचं नाही. खोकला आला, सांगा. कोंडल्यासारखं झालं, सांगा. कापडाच्या वरून मला तुमचा फक्त डोळा दिसतो. खाली काय चाललंय ते तुम्ही बोललात तरच मला कळणार."

कापड पुन्हा आलं. पण आता ते मघासारखं नव्हतं, आतून बाहेर आवाज जात होता. "येतोय," चंद्रव्वा म्हणायची. वरचा हात थांबायचा. ती खोकायची. "गेला," म्हणायची. हात पुन्हा चालायचा. असं किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. कडक मोती निघाला, भिंग बसलं. एवढ्या खोकल्याला जखम आपणहून धरेल याचा भरवसा नाही, म्हणून डॉक्टर राहत यांनी एक टाका घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. दाक्षायणी पाठीमागं उभी होती. बाकावर पलीकडं सारजाबाई काळा चष्मा लावून आपल्या मुलाला सांगत होती की ह्या भिंतीचे पोपडे निघालेत, कालच्याला नव्हते.

"किती बोटं?" डॉक्टर राहत यांनी विचारलं.

चंद्रव्वासमोर पांढरट धुकं होतं. त्या धुक्यात काहीतरी हललं. तोंडाशी उत्तर आलं होतं. दोन. डॉक्टर बहुतेक दोनच दाखवतात. एवढी वर्षं असंच तर निभावलं होतं. तिनं तोंड उघडलं, मिटलं.

"बोटं न्हाई दिसत," ती म्हणाली. "हात हाय एवढं कळतंय."

मागं दाक्षायणीचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला.

डॉक्टरीणबाईंनी उपकरणातून पाहिलं, पुष्कळ वेळ पाहिलं. "समोरच्या पडद्याला सूज आहे. मोती कडक होता, काम लांबलं, त्यानं येते. थेंबांनी उतरायला हवी. उतरेल असं मला वाटतं. आज शब्द देत नाही. बरं झालं खरं सांगितलंत, आता औषध त्याप्रमाणं देता येईल." मग त्यांनी दाक्षायणीला समजावलं. हात साबणानं धुऊन थेंब घालायचे, एका औषधानंतर लगेच दुसरं घालायचं नाही. डोक्यावरून पाणी नाही, वाकून काम नाही, ओझं नाही, डोळा चोळायचा नाही, झोपताना वर प्लास्टिकची ढाल. डोळा दुखला, लाल झाला, दिसायचं कमी झालं तर सकाळची वाट न बघता यायचं. "आणि धूर, धूळ बिलकुल नको. घरी तसं काही नाही ना?"

"नाही नाही," दाक्षायणी पटकन म्हणाली. सीझन तोंडावर आला होता.

"हाय," चंद्रव्वा म्हणाली. "आमचं घर कांडपाच्या मागं हाय बाई. मधलं दार लागत न्हाई."

"अत्ती."

"खोटं कशाला सांगायचं? एकच डोळा हाय."

दाक्षायणीची बहीण जुळे सोलापुरात राहायची, तिसऱ्या मजल्यावर. चंद्रव्वाला तिथं नेलं. स्वच्छ फ्लॅट, बंद खिडक्या, बहीण आणि तिचा नवरा दिवसभर नोकरीला. जाताना बहीण बाहेरून लॅच ओढायची, आतून उघडता यायचं, पण चंद्रव्वाला ते उघडायची कळ सापडायची नाही आणि विचारायची लाज वाटायची. शेवटी एके दिवशी विचारलं. उघडता आलं. पण उघडून जायचं कुठं? ती खुर्चीत बसायची, धुक्यात. धुकं किंचित पातळ झालं असं सकाळी वाटायचं, दुपारी वाटायचं भास आहे. तपासणीला गेलं की डॉक्टरीणबाई म्हणायच्या, सूज उतरतीय, थेंब चालू ठेवा. घरात मुसळांचा आवाज नव्हता. कुणाच्या बांगड्या नव्हत्या. आणि खोकला, आश्चर्य म्हणजे, कमी होत चालला होता. मोकळं खोकायला मिळालं तेव्हा खोकायलाच फार उरलं नाही.

थेंब घालायला सकाळी बहीण होती, पण दुपारचे थेंब दाक्षायणी घालायची. ती भर सीझनात कांडप नवऱ्यावर सोडून स्कूटीवरून यायची, दाराबाहेरूनच साडी झटकायची, कोपरापर्यंत हात धुवायची.

"मान मागं अत्ती. वर बघा."

त्या दुपारी चंद्रव्वानं वर बघितलं आणि तिला छताचा पंखा दिसला. पाती दिसली, वेगळी वेगळी. मग पंख्याच्या आणि तिच्या मधे दाक्षायणीचं तोंड आलं. चंद्रव्वा बघतच राहिली. सून लग्न होऊन आली तेव्हाचं तोंड तिच्या डोक्यात होतं, गोल, भरलेलं. हे तोंड त्याच्याहून कितीतरी ओढलेलं होतं. डोळे लाल. मानेच्या वळीत तिखटाची बारीक लाल रेघ, धुवायची राहिलेली. आणि ओठ घट्ट मिटलेले, गळ्याची शीर ताणलेली, नाकपुड्या फुगलेल्या. थेंबाची बाटली धरलेला हात अगदी स्थिर होता. बाकी सगळी बाई आतल्या आत हलत होती.

चंद्रव्वानं हे दुसऱ्याच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. आतून मात्र तिला ते पाठ होतं.

थेंब पडला. डोळा मिटला.

"मिटूनच ठेवा जरा वेळ," दाक्षायणी म्हणाली. आवाज घासलेला होता.

"कधीपासून हाय?"

"काय?"

"खोकला."

"आजचाच आहे," दाक्षायणी म्हणाली.

चंद्रव्वा मान मागं टेकून, डोळा मिटून बसली होती. उठता येत नव्हतं, औषध डोळ्यात मुरायचं होतं. तिनं हात पुढं करून चाचपला आणि सुनेचं मनगट धरलं.

"जा, गॅलरीत जा. नळ सोडू नको. खोकून घे, मी हाय हितं."

मनगट थोडा वेळ तसंच राहिलं. मग सुटलं. गॅलरीचं दार सरकल्याचा आवाज आला, आणि मग तो आला, दाबून दाबून जाडसर झालेला, खोल. थांबतोय असं वाटायचं आणि परत उठायचा. चंद्रव्वा मिटल्या डोळ्यानं ऐकत राहिली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, कोण एवढं खोकतंय म्हणून.

"संध्याकाळी शिवराजला घेऊन ये," दाक्षायणी आत आली तेव्हा ती म्हणाली. "ते मधलं दार, धुरळा ओढायचा पंखा, तुझी छाती दाखवायची, समदं बोलायचंय मला."

"सीझन आहे अत्ती."

"म्हणूनच आजच म्हणले," चंद्रव्वा म्हणाली. "दुसरं औषध घाल आता. तेवढा वेळ झाला."